आज पिशवी कुणाला सांभाळायची नव्हती

विज्ञान संग्रहालयात शिरल्यावर पहिल्या दहा पावलांतच मला माझा डावा खांदा हलका लागला. तिथं नेहमी एक पिशवी असायची. पाण्याची बाटली, रुमाल, लेकीचं जॅकेट, तिनं वाटेत गोळा केलेले दगड. ती पाच वर्षांची होती तेव्हापासून बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मी, नवरा आणि ती असे आम्ही तिघं इथं कितीतरी वेळा आलो, आणि प्रत्येक वेळी वाटणी ठरलेली असायची. एकानं तिच्यामागं धावायचं, दुसऱ्यानं बाकावर पिशवी घेऊन बसायचं, अर्ध्या-पाऊण तासानं अदलाबदल. त्यामुळं मला प्रकाशाचं दालन पाठ होतं आणि त्याला यंत्रांचं. एकाच वस्तूसमोर आम्ही दोघं एकाच वेळी कधी उभेच राहिलो नव्हतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर, रिकाम्या खांद्यानं आत येताना, हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

लेक आता शिकायला दुसरीकडं असते. त्याला अचानक एक सुट्टी मिळाली. कुठं जायचं यावर ‘तू सांग, तू सांग’ झालं आणि मी म्हटलं, सायन्स म्युझियमला जाऊ.

‘दोघंच?’ एवढंच तो म्हणाला.

त्या ‘दोघंच’वर मी नंतर बराच विचार केला. विज्ञान संग्रहालय म्हणजे मुलांची जागा, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की मोठी माणसं तिथं राखणदारासारखी वावरतात. बाकांवरचे आईबाप पाहा. समोर पृथ्वी फिरत असल्याचा पुरावा डोलत असतो आणि ते पिशवीची चेन उघडबंद करत असतात. मी त्यांना दोष देत नाही, त्या बाकावर मीही तासन्‌तास बसले आहे. पण ‘हे असं का होतं?’ असं विचारायचं वय संपलं, आता फक्त उत्तरं द्यायची, असं आपण कधीतरी मनाशी धरून बसतो, आणि ते मला मनापासून चुकीचं वाटतं. मुलांसमोर उत्तर यावं लागतं. दोघंच असलो की येत नाही म्हणायची मुभा असते.

मधल्या उंच दालनात फूकोचा लंबक होता. छतापासून खाली आलेली तार, टोकाला पितळी गोळा, आणि जमिनीवर वर्तुळात मांडलेल्या बोटाएवढ्या खुंट्या. गोळा एका टोकाला जातो, क्षणभर थबकल्यासारखा वाटतो, परत फिरतो. दर काही मिनिटांनी एक खुंटी पडते. लेकीचा हात धरून मी इथं कितीदा उभी राहिले असेन, पण खुंटी पडताना एकदाही पाहिली नाही. मूल दोन मिनिटं थांबतं, मग त्याला पलीकडचं बटण दिसतं.

लेऑन फूको आधी वैद्यकी शिकत होता. रक्त पाहवत नाही म्हणून त्यानं ती सोडली. १८५१च्या जानेवारीत त्यानं घराच्या तळघरात लंबक टांगला, आणि मार्चमध्ये पॅरिसच्या पँथिऑनच्या घुमटाखाली ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोचा गोळा लावून लोकांना पृथ्वी फिरताना पाहायला बोलावलं. पृथ्वी फिरते हे तोवर शिकलेल्या माणसांना माहीत होतंच. पण आकाशाकडं न बघता, चार भिंतींच्या आत उभं राहून ते डोळ्यांनी दिसेल, हे नवं होतं. लंबक आपली दिशा सोडत नाही, खालची जमीन वळते. अगदी ध्रुवावर लंबकाच्या झुलण्याच्या रेषेची एक पूर्ण फेरी जवळजवळ एका दिवसात पुरी होते, पॅरिसमध्ये तिला साधारण ३२ तास लागतात, आणि विषुववृत्तावर टांगला तर तो वळतच नाही.

हे सगळं मी फलकावर वाचत होते. तो वाचत नव्हता. मान मागं टाकून तार कुठून आलीय ते बघत होता.

‘वर कुठंतरी इलेक्ट्रोमॅग्नेट असणार,’ तो म्हणाला. ‘नाहीतर हवेच्या रोधानं काही तासांत थांबेल.’

फलकाच्या शेवटच्या ओळीत तेच लिहिलं होतं. आमचं हे असंच आहे. मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते, तो एक अक्षर न वाचता वस्तूच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहतो. घरात नवीन यंत्र आलं की त्याच्या माहितीपुस्तिकेवरून यावर वादही होतात. इथं वाद झाला नाही. जाताना परत येऊ आणि खुंटी पडेपर्यंत हलायचं नाही, असं ठरवून आम्ही पुढं गेलो.

चुंबकाच्या दालनात तो अडकला. तिथं काचेच्या पेटीबाहेर, हाताळता येईल अशी, मीटरभर लांबीची तांब्याची नळी उभी बसवली होती. शेजारी दोन सारख्या दिसणाऱ्या गोट्या, एक साध्या लोखंडाची, एक चुंबकाची. लोखंडाची सोडली की वरून खाली यायला अर्धा सेकंदही लागत नाही, सोडली म्हणेपर्यंत खालच्या कपात वाजते. चुंबकाची सोडली आणि ती आलीच नाही. आम्ही दोघं खाली वाकून वाट बघत राहिलो. मग ती आली, पाण्यात बुडणाऱ्या पानासारखी, सावकाश, नळीला न टेकता. तांब्याला तर चुंबक चिकटत नाही. पण चुंबक सरकू लागला की तांब्यात वीज भोवऱ्यासारखी गोल फिरू लागते, त्या विजेचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं, आणि ते पडणाऱ्या चुंबकाला अडवतं. १८३१मध्ये फॅरेडेनं चुंबक हलवून वीज निर्माण केली आणि १८३४मध्ये लेंझनं ती वीज कायम बदलाला विरोध करणाऱ्या दिशेनं वाहते हा नियम मांडला. म्हणजे चुंबक आपल्या पडण्यानंच आपला ब्रेक तयार करतो. थांबला तर ब्रेकही नाहीसा होईल, म्हणून तो पूर्ण थांबूही शकत नाही.

त्यानं ती गोटी पंधरा-वीस वेळा तरी सोडली असेल. ज्याचं सगळं आयुष्य मोटारी आणि यंत्रांच्या सोबत गेलं, ज्याला हे गणित तोंडपाठ आहे, तो माणूस दर वेळी वरून नळीत डोळा लावत होता. ‘वरून बघ, वरून बघ,’ म्हणत त्यानं मला बोलावलं. खरंच, वरून बघितलं की चुंबक नळीच्या मधोमध तरंगत चाललेला दिसतो, भिंतींपासून सुटा. माहीत असणं आणि बघणं यांच्यामध्ये किती मोठी जागा शिल्लक असते, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. लेकीबरोबर यायचो तेव्हा ती गोटी तिच्या हातात असायची. त्याला स्वतःला ती सोडून बघायचीय, हे मला कसं कळणार होतं? मी तर बाकावर होते.

हात लावा, फिरवा, पाडा, पुन्हा करा, असं म्हणणाऱ्या संग्रहालयांमागं ज्यांचं नाव आवर्जून घ्यावं लागतं त्यांत फ्रँक ओपेनहायमर आहे. अणुबाँब बनवणाऱ्या प्रयोगशाळेचं नेतृत्व करणाऱ्या रॉबर्ट ओपेनहायमरचा धाकटा भाऊ, स्वतः पदार्थवैज्ञानिक. १९४९मध्ये राजकीय चौकशीच्या सत्रात त्याची विद्यापीठातली नोकरी गेली. मग कित्येक वर्षं त्यानं कोलोरॅडोत गुरं पाळली, आणि पुढं तिथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगांचं एक ग्रंथालयच असावं, ही कल्पना त्या शिकवण्यातून वाढत गेली. १९६५मध्ये तो युरोपातली संग्रहालयं पाहून आला आणि १९६९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं एक्स्प्लोरेटोरियम सुरू केलं. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असं तो म्हणायचा. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. ज्याला एका दालनातून बाहेर काढलं, त्यानं असं दालन बांधलं की तिथून कुणालाच बाहेर काढता येऊ नये.

पुढं एका टेबलावर तांब्याची आणि जस्ताची अशा दोन पट्ट्या होत्या, मध्ये काटा. एक हात इकडं, एक तिकडं ठेवला की तळव्यांच्या घामाच्या जोरावर काटा हलतो, व्होल्टाची बॅटरी आपल्याच अंगातून पुरी होते. दोघांनी एकेका पट्टीवर हात ठेवून मोकळे हात धरले, तरी हलतो. चारचौघांत हात धरायची आम्हाला सवय नाही. काटा हलतोय का ते बघायचं होतं म्हणून धरले, आणि काटा हलल्यावरही जरा वेळ तसेच राहिलो.

ध्वनीच्या दालनात एक छोटी, भिंतींना जाड अस्तर लावलेली खोली होती. हेडफोनच्या दोन जोड्या, एक मोठी फिरकी आणि समोर पडद्यावर आकडा. फिरकी फिरवली की कानातला सूर चढत जातो. ज्या आकड्याला ऐकू येणं थांबेल तिथं ज्यानं त्यानं आपलं बटण दाबायचं. माणसाचा कान सुमारे २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, असं शाळेत शिकवतात. हा आकडा कोवळ्या कानाचा असतो हे शाळेत मुलांना सांगण्याचं कारणच नसतं.

फिरकी माझ्या हातात होती. १,०००, २,०००, ३,०००. दोघांनाही ऐकू येत होतं. ४,०००च्या आसपास त्याच्या कपाळावर आठी आली. ६,०००च्या थोडं पुढं गेले आणि त्यानं बटण दाबलं. मला वाटलं चुकून दाबलं. माझ्या कानात तो सूर सुईसारखा स्वच्छ वाजत होता. ‘अरे, वाजतंय अजून,’ मी म्हटलं. तो माझ्या ओठांकडं बघत होता.

हेडफोन लावलेला माणूस ओठांकडंच बघणार, त्यात विशेष काही नाही. पण ते बघणं मला ओळखीचं वाटलं. घरात, मी दुसऱ्या खोलीतून काही बोलले की तो उठून दारात येतो आणि माझ्याकडं बघतो. पाहुण्यांच्या गर्दीत तो बोलणाऱ्याच्या समोरची खुर्ची धरतो. मी आजवर हे त्याचं सौजन्य समजत आले होते.

माझा सूर १२,०००च्या पुढं कुठंतरी विझला. विझला म्हणजे एकदम नाही, पातळ होत होत, तो संपला की मला नुसता भास होतोय हे कळेनासं झालं. आमच्या मागं आपल्या पाळीची वाट बघत एक नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी होती. आम्ही उठल्यावर तिनं हेडफोन चढवले आणि आकडा १७,०००च्या वर गेला तरी ‘आहे, आहे’ म्हणत मान डोलवत राहिली. आम्हा दोघांसाठी त्या खोलीत शांतता होती.

फलक मी नेहमीसारखा पूर्ण वाचला, या वेळी दोनदा. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. प्रत्येक कानातल्या या नळीत सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात, आवाजाच्या लाटेनं हलणाऱ्या आणि त्या हलण्याची वीज करून मेंदूकडं पाठवणाऱ्या. उंच सुरांसाठीच्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात, आणि वयानुसार झिजायला तिथूनच सुरुवात होते. सततच्या मोठ्या आवाजानं होणारी इजा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसते. पक्ष्यांमध्ये या पेशी मेल्या तर नव्या येतात. माणसात येत नाहीत.

त्यानं तीस वर्षं यंत्रांच्या घरघरीत काढली आहेत.

यातली मला सर्वांत लागलेली गोष्ट पुढची होती. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यांच्यामुळं आवाज मोठा वाटतो. पण स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत, चार हजारांच्या आसपास आणि त्याही पलीकडं असते. वरचं गेलं की माणसाला ऐकू येतं, पण कळत नाही. ‘सात’ म्हटलेलं ‘हात’ वाटतं. शांत खोलीत अंदाजानं भागतं, गोंगाटात भागत नाही. आणि बायकामुलांचे आवाज आधी निसटतात.

गेली तीन-चार वर्षं आमच्या घरात एक भांडण चालू आहे. ते मोठं होत नाही आणि मिटतही नाही. मी म्हणते, ‘तुझं लक्षच नसतं माझ्या बोलण्याकडं.’ तो म्हणतो, ‘तू तोंडातल्या तोंडात बोलतेस.’ मी चिडून मोठ्यानं बोलते, तो म्हणतो, ‘ओरडतेस कशाला, ऐकू येतंय मला.’ आणि ते खरंच होतं. त्याला ऐकू येत होतं. मी तिसऱ्यांदा सांगितलेलं वाक्य पुन्हा विसरला, की मी मनात काय काय धरून ठेवायची. मनातल्या त्या वहीत किती पानं भरली असतील, आणि त्यातलं किती ‘स’ आणि ‘श’मुळं होतं, हे आता मोजता यायचं नाही.

त्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. पिशवी नव्हती. संग्रहालयातला खेळ म्हणजे काही डॉक्टरांची तपासणी नव्हे, हेडफोन जुने असतील, असं मी म्हणाले. ‘नाही,’ तो म्हणाला, ‘मला माहीत होतं.’ फोनवर लेकीचं अर्धं बोलणं कळत नाही, म्हणून तो फोन पटकन माझ्याकडं देतो, हे त्यानं मला तिथं सांगितलं. मला वाटायचं, बापाला लेकीशी बोलायला काही सुचत नाही. तपासणी करून घ्यायची हे लगेच ठरलं, त्यावर चर्चाही करावी लागली नाही.

प्रकाशाचं दालन माझं. तिथं मी त्याला थेट अर्धपारदर्शक आरशाशी नेलं. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये उभी काच, दोन्ही बाजूंना हनुवटी टेकायला पट्टी आणि आपापल्या बाजूचा दिवा कमी-जास्त करायला बटण. ही काच थोडा प्रकाश परत पाठवते, थोडा पलीकडं जाऊ देते. माझ्या बाजूला उजेड जास्त असेल तर मला मी दिसते, समोर उजेड जास्त असेल तर समोरचा माणूस. दोन्हींकडं सारखा असेल तर दोन्ही चेहरे एकात एक मिसळतात. लेक लहान असताना मी तिच्यासोबत इथं बसले होते, पण तिची हनुवटी पट्टीपर्यंत पोचायची नाही. माझ्या हनुवटीशी तिचे डोळे यायचे आणि ती हसून लोळायची.

आम्ही बसलो. त्यानं चष्मा काढला, मीही काढला. आधी मला मी दिसले. मग त्यानं त्याचा दिवा वाढवला, तसे माझ्या गालांवर त्याचे गाल येऊ लागले, माझ्या भुवया दाट झाल्या, केस मागं सरले. मी माझा दिवा जरा कमी केला. आणि मग दोघांनीही हात थांबवला.

समोर आमची लेक होती.

हुबेहूब नव्हे. वय पन्नाशीचं, डोळ्यांखाली आमच्या दोघांच्या सुरकुत्या. पण कपाळाची ठेवण, डोळ्यांमधलं अंतर, आणि तोंड मिटल्यावर डावीकडं जाणारी ती रेघ. शास्त्र असं सरळ अर्धं-अर्धं मिसळत नाही हे मला ठाऊक आहे. तेवीस गुणसूत्रं माझी, तेवीस त्याची, आणि प्रत्येक जोडीतलं कुठलं वाट्याला यायचं हे दर वेळी नव्यानं पिसलं जातं. भावंडंही म्हणूनच वेगळी निघतात. दिव्यांची उघडझाप आणि जनुकांचं येणंजाणं यांचा काही संबंध नाही. तरी तो चेहरा तिथं होता. तो काही बोलला नाही, मीही नाही, कारण कुणी बोललं असतं तर ओठ हलले असते.

नंतर उठताना तो म्हणाला, ‘हिला फोन करूया?’ मी म्हटलं, ‘क्लास असेल आता. संध्याकाळी कर. स्पीकरवर टाक, मी शेजारी बसते.’

मेघपेटीपाशी आम्ही पोचलो तेव्हा पाय दुखायला लागले होते, त्यामुळं बाकीची दोन दालनं आम्ही नुसती ओलांडली. डायनासोरच्या सांगाड्याकडं मी वळूनही पाहिलं नाही, क्षमा असावी. पण मेघपेटीसमोर अर्धा तास गेला असेल. काचेचं झाकण, आत काळा थंडगार तळ, त्यावर अल्कोहोलच्या वाफेचं पातळ धुकं. बघत राहिलं की धुक्यात आपोआप रेघा उमटतात. काही आखूड आणि जाड, काही वेड्यावाकड्या, आणि मधूनच एखादी सरळ, लांब, पेटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ही बहुधा म्युऑन नावाच्या सूक्ष्म कणांची. कुणी काही सोडत नसतं, कुठलं बटण नसतं. ते येतच असतात.

हे ज्यानं पहिल्यांदा दाखवलं त्या सी. टी. आर. विल्सनला मुळात ढग करायचे होते. १८९४च्या सप्टेंबरात तो स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काही दिवस राहिला. तिथं ढगांवर पडणारी सावली आणि तिच्याभोवतीची रंगीत कडी बघून तो इतका भारावला की प्रयोगशाळेत तसे ढग बनवायचं त्यानं मनावर घेतलं. ढग करता करता त्याच्या हाती १९११मध्ये कणांच्या वाटा आल्या, आणि १९२७मध्ये त्यासाठी नोबेल. एखादी सुंदर गोष्ट पुन्हा बघायची म्हणून सतरा वर्षं खटपट करणारा माणूस मला कुठल्याही शोधापेक्षा मोठा वाटतो.

म्युऑन आपल्या डोक्यावर सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, अवकाशातून येणारे कण हवेवर आदळल्यावर, तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेसहाशे मीटरच्या आसपास जातो. म्हणजे ते इथवर पोचायलाच नकोत. पोचतात, कारण इतक्या वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ आपल्या दृष्टीनं हळू चालतं, आइन्स्टाइननं सांगितलं तसं. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. नवऱ्यानं हिशोब केला: आडव्या धरलेल्या तळहातातून सेकंदाला एक-दोन. त्यानं तळहात पेटीवर धरला, मी माझा त्याखाली धरला. ‘आता माझ्यातून गेलेला तुझ्यातूनही जाणार,’ तो म्हणाला. काही जाणवलं नाही, जाणवणार नव्हतंच. सव्वीस वर्षं हा पाऊस आमच्यावर पडतोय, झोपेत, भांडणात, बाकावर.

बाहेर पडायच्या वाटेवरच्या लांबलचक दालनात दोन मोठ्या तबकड्या होत्या, माणसाहून उंच, वीसेक मीटर अंतरावर एकमेकींकडं तोंड करून. मध्ये शाळेची एक सहल आलेली, कानठळ्या बसतील असा कल्ला. तबकडीचा आकार अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा असतो. तिच्या नाभीपाशी, म्हणजे तिच्यासमोरच्या एका ठरावीक बिंदूपाशी, तोंड नेऊन बोललं की आवाज तबकडीवर आपटून समांतर होऊन निघतो, पसरून विरत नाही, आणि समोरच्या तबकडीवर आपटून तिच्या नाभीत गोळा होतो. तिथं कान असला की झालं.

तो पलीकडं गेला. मुलांच्या डोक्यांवरून मला त्याची पाठ दिसत होती, त्याचं तोंड तबकडीकडं होतं आणि माझं माझ्या तबकडीकडं. म्हणजे आम्ही एकमेकांना पाठमोरे होतो. ओठ दिसायचा प्रश्नच नव्हता. मी काय बोलावं ते सुचेना. मग मी ठरवून, अगदी हळू आवाजात, म्हटलं:

‘सहा शेळ्या, सात ससे, साठ फुलं.’

थोडा वेळ काही नाही. मग माझ्या कानाशी, इतक्या जवळून की मी दचकले, त्याचा आवाज आला. ‘सहा शेळ्या. सात ससे. साठ फुलं.’ जरा थांबून, ‘पुन्हा बोल.’

मी पुन्हा बोलले. मग दुसरं काही. मग आणखी काही, जे इथं लिहिणार नाही. तबकडी सगळाच आवाज एकवटते, आणि वरच्या पट्टीचे सूर लहान लाटांचे असल्यामुळं ते तर जास्तच नेटकेपणानं परत फिरवते. म्हणजे स आणि श यांना ती विशेष जपते. मला हे नंतर वाचून कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की भरल्या गोंगाटात, वीस मीटरवरून, मी पुटपुटतेय आणि त्याला एकेक अक्षर मिळतंय. मी ओरडत नव्हते. तो ‘काय?’ म्हणत नव्हता. सहलीतली दोन मुलं त्याच्यामागं रांगेत येऊन उभी राहिली, तरी तो जागचा हलेना. शेवटी मीच म्हटलं, ‘सोड आता, मुलं थांबलीत.’ तेही त्याला ऐकू आलं.

ठरल्याप्रमाणं आम्ही लंबकापाशी परत आलो. बंद व्हायची वेळ होत आली होती, दालन रिकामं होत होतं. सकाळी आम्ही पाहिल्या त्यातल्या बऱ्याच खुंट्या आता आडव्या होत्या. ज्या जागी आम्ही सकाळी उभे होतो तिथून गोळा आता कितीतरी दूर झुलत होता. खरं तर तो नव्हे, आम्ही दूर आलो होतो.

पुढची उभी खुंटी आम्ही हेरली. गोळा तिच्या जवळून जात होता, बोटभर फटीनं. पुढच्या फेरीला फट तेवढीच वाटली. त्याच्या पुढच्या फेरीलाही. मी फलक वाचला नाही, तो वर बघत नव्हता. फट नखाएवढी झाली. मग केसाएवढी. एका फेरीला खुंटी थरथरली आणि उभीच राहिली. राखणदार लांबून दिवे मालवत येत होता. गोळा पलीकडं गेला, थबकला, परत फिरला, आणि खुंटी पडली. फरशीवर पडताना तिचा बारीक, उंच, टिचकीसारखा आवाज झाला.

‘ऐकू आलं?’ मी विचारलं.

‘दिसलं,’ तो म्हणाला.